गावच्या टूर्नामेंटची कॉमेंट्री कशी करायची: बेसबॉलच्या रेडिओवाल्यांकडून ढापलेल्या युक्त्या

आमच्याकडं संक्रांत झाली की टेनिस बॉल क्रिकेटच्या टूर्नामेंट सुरू होतात. कापूस घरात आलेला असतो, तूर खळ्यावर, हरभरा रानात, पोरं मोकळी. मी गेली आठ-नऊ वर्षं ह्या टूर्नामेंटची कॉमेंट्री करायलोय, परभणी जिल्ह्यात आन कधीमधी पलीकडं बीडकडं. पहिल्या वर्षी काय झालं ते आधी सांगतो म्हंजे पुढचं सगळं कामून सांगायलो ते कळंल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टेबल, टेबलावर माईक, आन मी सकाळी दहापासून जो सुटलो तो सुटलोच, शेरोशायरी काय, सरपंचाचं स्वागत काय, "काय फटका मारलाय राव" काय, लोकं हसायलेत, टाळ्या पडायल्यात, मला वाटलं आपण तर मैदान मारलं. एका पोरानं मोबाईलवर लाइव्ह पण लावलं होतं. तेवढ्यात तात्याचा फोन. तात्या म्हंजे माझे चुलते, तवा कोयत्यावर होते, कोल्हापूरकडं उसाच्या फडात. मला वाटलं शाबासकी द्यायलेत. तात्या म्हणले, "आरं चाळीस मिन्टं झाली कानाला फोन लावून बसलोय, आपलं गाव जिंकायलंय का हरायलंय तेच कळंना. स्कोर सांग की बाबा."

तिथंच माझा फुगा फुटला. ग्राउंडवर बसलेल्या माणसाला डोळे हायेत, त्याला माझी गरज नाही, त्याला मी फक्त टाइमपास. गरज कोणाला हाय तर जो तिथं नाही त्याला. गंगाखेड, सोनपेठ, पलीकडं धारूर, वडवणी, इथली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला गेलेली असतात, पोरं चाकण-रांजणगावला शिफ्टमधी असतात, कोणी रानात मोटारीवर पाणी धरायलेलं असतं, मोबाईल खिशात आन आवाज चालू. त्याला चित्र दिसत नाही, दिसलं तरी नेट पुरत नाही, म्हून तो ऐकतो. म्हंजे आपण करायलो ते टीव्हीचं काम नाही, रेडिओचं काम हाय. हे ज्याला कळलं त्याला अर्धी कॉमेंट्री आली.

आता रेडिओचं काम शिकायचं कोणाकडून? आपल्याकडं मराठीत बाळ ज. पंडित होऊन गेले, हिंदीत सुशील दोशी, जसदेव सिंग, ही मोठी माणसं, आकाशवाणीवर त्यांना ऐकून आमच्या बापाची पिढी वाढली. पण मला यूट्यूबवर फिरता फिरता सापडली ती अमेरिकेतली बेसबॉलची रेडिओवाली मंडळी. मला बेसबॉल खेळता येत नाही, आधीच सांगतो. शाळेत असताना तालुक्याला सॉफ्टबॉल बघितला होता तेवढाच. पण ह्या लोकांचं काम ऐकलं आन कान उघडले. कारण बघा, तिथं एका टीमच्या सीझनला १६२ मॅच असतात, एकेक मॅच तीन-तीन तास चालायची, आन त्यातला बराचसा वेळ पिचर, म्हंजे त्यांचा बॉलर, नुसता बॉल चोळत उभा. म्हंजे बोलायला लई मोकळी जागा, आन ती भरायची नुसत्या तोंडानं. आपल्या मॅचमधी पण तेच की, बॉल हरभऱ्यात गेला की पाच मिन्टं शोधायलेत. त्या पाच मिन्टांत तुम्ही काय बोलता त्यावर सगळं हाय.

ह्या धंद्याची सुरुवात झाली ५ ऑगस्ट १९२१ ला, पिट्सबर्गला. केडीकेए नावाचं रेडिओ स्टेशन, तिथला हॅरॉल्ड आर्लिन नावाचा पोरगा फोर्ब्स फील्ड ग्राउंडवर टेलिफोनचाच माईक करून बसला आन पिट्सबर्ग-फिलाडेल्फियाची मॅच लोकांना ऐकवली. पिट्सबर्ग ८-५ नं जिंकलं. म्हंजे शंभर वर्षांपूर्वी पण टेलिफोनच होता बगा, आन आज आपण पण मोबाईलच धरून बसायलोय.

स्कोर, स्कोर आन स्कोर

तात्यानं जे मला झापलं त्याच्यावर रेड बार्बर नावाच्या माणसानं कधीच औषध काढून ठेवलं होतं. बार्बर १९३४ पासून सिनसिनाटीत, मग १९३९ ते १९५३ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या डॉजर्स टीमचा आवाज, नंतर तिथल्याच यँकीज टीमकडं. हा माणूस टेबलावर तीन मिन्टांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा, अंडी उकडायला वापरतात तसलं. वाळू खाली पडली की स्कोर सांगायचा, घड्याळ उलटं करायचा, परत पुढं. का तर रेडिओ कोणीतरी आत्ताच लावलेला असतो, त्याला पाच मिन्टं ताटकळत ठेवणं म्हंजे पाहुणा दारात उभा करणं. आपल्याला वाळूचं घड्याळ नको, ओव्हर हायेच. नियम करून टाका: ओव्हर संपली की स्कोर, विकेट पडली की स्कोर, बॉल हरभऱ्यात हरवला की स्कोर. आन नुसता "चौसष्ट" म्हणू नका. "मानवतच्या टीमनं सहा ओव्हरमधी ६४, तीन आउट, जिंकायला १०२ पाहिजेत, म्हंजे चोवीस बॉलात अडतीस" असं पूर्ण सांगा, टीमच्या नावासकट. ऐकणाऱ्याकडं कागद नसतो, बेरीज वजाबाकी तुम्ही करायची. मी शेजारी एक हुशार सातवीतलं लेकरू बसवतो आन त्याला एवढंच काम देतो, किती बॉलात किती. त्याला वडापाव, मला उत्तर.

एक चूक सगळेच करतात. पहिल्या बॉलला सांगतात कोण बॉलिंगला हाय, नंतर नुसतं "टाकला, मारला, गेला". कोणी टाकला, कोणी मारला, कुठं गेला? रेडिओवर जागा सांगावी लागते. मॅच सुरू व्हायच्या आधी एकदा ग्राउंडचं चित्र उभं करा: गावाकडं तोंड केलं तर डाव्या हाताला शाळेची भिंत, उजवीकडं हरभरा, समोर पाण्याची टाकी, मागं रस्ता. एकदा हे बसलं की "टाकीकडं उंच उडवलाय" म्हणलं तरी फडातल्या माणसाला दिसतं. गावचाच हाय तो, त्याला टाकी माहितीय. लाँग-ऑन, डीप मिडविकेट हे शब्द वापरू नका असं नाही, पण टाकी जास्त खरी हाय.

आपल्या तोंडातली भाषा

हा बार्बर मिसिसिपीत जन्मलेला, फ्लोरिडात वाढलेला, दक्षिणेतला, आन नोकरी कुठं तर न्यूयॉर्कमधी. ह्यानं आपली भाषा बदलली नाही. टीम तुफान मारायली की हा म्हणायचा, पोरांनी वाटाण्याचा वाफा पार उपटून टाकला. ग्राउंडवर भांडण झालं की त्याला एका भाजीचं नाव द्यायचा. ब्रुकलिनच्या लोकांनी ते शब्द उचलले, गल्लीत पोरं तसं बोलायला लागली. आन आपण काय करतो? माईक हातात आला की पुण्याचे होतो. "प्रेक्षकांच्या टाळ्यांच्या कडकडाटात खेळाडू मैदानात प्रवेश करीत आहेत." अरे कोण बोलतं असं तुमच्या घरात? "पोरगं पळायलंय, पळायलंय, पडलं, उठलं, आन पोचलं बाबा एकदाचं" असं बोला. उदगीरचा असेल तर उदगीरचं बोला, किनवटचा असेल तर किनवटचं. हिंदी-उर्दू मिसळत असंल तर मिसळू द्या, आपल्याकडं ती घरचीच हाय.

अर्नी हारवेल म्हून एक होता डेट्रॉइटला, तो तर लहानपणी जड जिभेचा होता, बोलताना अडखळायचा, पोरं हसायची. हाच माणूस पुढं चाळीसच्या वर सीझन डेट्रॉइट टायगर्सचा आवाज झाला, १९६० पासून २००२ पर्यंत, मधी एक वर्ष सोडलं तर. म्हून ज्याला "र" म्हणता येत नाही त्यानं पण घाबरू नये. ह्याची अजून एक गंमत, १९४८ ला बार्बर आजारी पडला, ब्रुकलिनला माणूस पाहिजे होता, हारवेल होता अटलांटाच्या टीमकडं, तर अटलांटावाले म्हणले न्या पण बदल्यात आम्हाला एक कॅचर द्या. दिला! कॉमेंटेटरच्या बदल्यात विकेटकीपर दिल्यासारखंच झालं की. मी आमच्या मंडळाला ही गोष्ट सांगून बघितली, त्यांनी माझ्या बदल्यात कोणी चहावाला पण देणार नाही असं सांगितलं.

बॅटर नुसता बघत राहिला आन स्ट्राइकवर आउट झाला की हारवेल म्हणायचा, रस्त्याकडंच्या घरासारखा उभा राहिला. एक वाक्य, पण चित्र पक्कं. मी ते तसंच मराठीत घ्यायला गेलो तर कोणी हसलं नाही. मग म्हणलं आपलं काय हाय, तर बांधावरची बाभळ. "बॉल गेला आन हा बांधावरच्या बाभळीवानी उभा." चाललं. म्हंजे त्यांचं वाक्य आणायचं नसतं, त्यांनी ते कुठून आणलं ते बघायचं असतं. तुम्ही एक वही करा, आजी काय म्हणते, पारावर काय म्हणतात, बाजारात बैलाचं वर्णन कसं करतात, लिहून ठेवा. वर्षाला चार वाक्यं पक्की मिळाली तरी बास. आन एकच वाक्य एका मॅचमधी दोनदा नको, तिसऱ्यांदा तर लोकं दगड मारतील.

पाहुणा कुठला?

ही हारवेलची युक्ती मला सगळ्यात जास्त आवडते आन फुकट हाय. फाउल बॉल, म्हंजे रेषेबाहेर मारलेला, प्रेक्षकांत जायचा, कोणीतरी झेलायचा, तर हारवेल लगेच सांगायचा, हा बॉल इप्सिलांटीच्या माणसानं झेलला, हा सॅगिनॉच्या. ही मिशिगनमधली बारकी बारकी गावं. त्याला काय माहीत झेलणारा कुठला, अंदाजपंचे ठोकून द्यायचा, लोकांना पण माहीत होतं ठोकायलाय. पण त्या गावात रेडिओजवळ बसलेल्या म्हाताऱ्याला वाटायचं, आपलं नाव घेतलं. मी पहिल्यांदा करून बघितलं, सिक्स गेला, म्हणलं "बॉल उचलला जिंतूरच्या पाहुण्यानं, आन खिशात टाकायलाय बघा, पाहुणे बॉल द्या." खरंच जिंतूरचं कोणीतरी होतं, उभं राहून हात केला, सगळं ग्राउंड हसलं. नंतर एक फोन आला, पाथरीचं कोणी नसतं का म्हून. तेव्हापासून तालुके वाटून वाटून घेतो. फक्त खऱ्या माणसाचं नाव घेऊन ठोकू नका, त्याच्या घरी तो दवाखान्यात गेलाय असं सांगितलेलं असतं आन तुम्ही त्याला ग्राउंडवर बसवता. माझ्यामुळं एका घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती.

आन फडात बसलेल्यांना तर नावानं हाक मारा, त्यांनी आधी कमेंटमधी लिहिलेलं असतं कुठून ऐकायलेत ते. "शिरोळच्या फडावरून ऐकायलेत त्या सगळ्या कोयत्यांना राम राम, तुमचा पोरगा पुढच्या ओव्हरला बॉलिंगला येतोय." ही एवढी एक ओळ बोललो त्या दिवशी एक माय रडली म्हणे. लॉस एंजलिसला हाइमे हारिन नावाचा माणूस होता, इक्वेडोरहून आलेला, येईपर्यंत त्यानं बेसबॉलची एक मॅच बघितली नव्हती. १९५९ पासून २०२२ पर्यंत त्यानं डॉजर्सची (बार्बरचीच जुनी टीम, पुढं तिकडं गेलेली) मॅच स्पॅनिशमधी सांगितली. ऐकणारे बरेचसे परमुलखात पोट भरायला आलेले. १९८१ ला फर्नांडो वॅलेंझुएला नावाचा मेक्सिकोच्या खेड्यातला पोरगा पिचर म्हून गाजला, त्याला इंग्रजी येईना तर हाच हारिन त्याचा दुभाषा. आपल्या माणसाला आपल्या भाषेत आपल्या पोराचं कौतुक ऐकायला मिळणं काय असतं ते आम्हाला फडावरच्या फोनांवरून कळतं.

आता गप्प बसायचं शिका

ह्यात सगळ्यांचा बाप विन स्कली. १९५० ला बावीस वर्षाचा असताना डॉजर्सकडं लागला, २०१६ ला सोडलं, ६७ सीझन, एकच टीम. २०२२ ला वारला, ९४ वर्षाचा होऊन. लहानपणी त्याच्या घरी मोठा चार पायाचा रेडिओ होता, हा त्याच्या खाली उशी घेऊन शिरायचा आन लोकांचा जो आरडाओरडा यायचा तो अंगावर घ्यायचा. कॉमेंटेटर काय म्हणतो त्यापेक्षा त्याला ती गर्दी आवडायची. मग मोठेपणी पण त्यानं गर्दीला कधी तोंडानं झाकलं नाही.

८ एप्रिल १९७४, अटलांटा. हँक आरननं ७१५ वा होमरन (आपल्या सिक्ससारखा) मारला, बेब रूथ ह्या जुन्या खेळाडूचा रेकॉर्ड मोडला. स्कली बोलला, बॉल गेला एवढं सांगितलं, आन मग गप्प. नुसती गर्दी, फटाके, आरडाओरडा, किती तरी वेळ. परत माईकवर आला तेव्हा सांगितलं की दक्षिणेत एका काळ्या माणसासाठी सगळं स्टेडियम उभं राहिलंय. आता आपल्याकडं शेवटच्या बॉलवर सिक्स गेला की काय होतं? चार जण एकाच माईकवर ओरडतात, डीजे सुरू होतो, फडातल्या माणसाला नुसतं फर्रर्र ऐकू येतं. करायचं असं: "गेला! जिंकलं!" एवढं म्हणायचं, टीमचं नाव घ्यायचं, आन माईक गर्दीकडं फिरवून मनात वीस आकडे मोजायचे. पहिल्यांदा जीव जाईल तुमचा, वीस आकडे म्हंजे लई मोठे असतात. पण त्या वीस आकड्यात तिकडं ऐकणारा माणूस इकडं येऊन पोचतो. मग हळूच स्कोर.

ह्याच स्कलीची अजून एक खुबी, तो वेळ सांगायचा. ९ सप्टेंबर १९६५, सँडी कोफॅक्सनं परफेक्ट गेम टाकली, म्हंजे २७ च्या २७ बॅटर आउट, एकालाही बेसवर पाय ठेवू दिला नाही. शेवटच्या इनिंगला स्कली मधी मधी घड्याळ सांगत गेला आन संपली तेव्हा म्हणला लॉस एंजलिसमधी रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटं झालेत. त्याचं डोकं असं की रेकॉर्डिंग पिचरला जन्मभर ठेवता यावं, त्यात तारीख-वेळ असावी. आमच्याकडं एका पोरानं हॅटट्रिक घेतली तेव्हा मी तारीख, वेळ, गाव, बॉलिंग कोणत्या बाजूनं, सगळं बोलून टाकलं. त्या पोराच्या मोबाईलची रिंगटोन हाय आता ती.

डॉजर्स १९५८ ला ब्रुकलिन सोडून लॉस एंजलिसला गेले, तिथं आधी त्यांना ऑलिंपिकचं कोलिसियम दिलं खेळायला, एवढं मोठं की लांबून काय चाललंय ते दिसेना. लोकं ट्रान्झिस्टर घेऊन यायला लागली, ग्राउंडवर बसून रेडिओवर तीच मॅच ऐकायची. एका अंपायरचा वाढदिवस होता, स्कलीनं रेडिओवर सांगितलं तीन म्हणलं की सगळे शुभेच्छा द्या, आन पूर्ण स्टेडियम ओरडलं. अंपायरला काही कळेना. हे मी आमच्या अंपायरवर करून बघितलंय. त्यानं लाजून पुढच्या बॉलला वाइड द्यायचा राहून गेला, त्यावरनं भांडण झालं ते वेगळं.

तुमचं रडगाणं कोणाला नको

स्कलीला काम कसं लागलं ते ऐका. १९४९ ला बार्बरनं त्याला बोस्टनला एका अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला पाठवलं. ह्याला वाटलं बसायला खोली असंल, म्हून कोट हॉटेलवर ठेवून गेला. तिथं गेला तर फेनवे पार्क ग्राउंडच्या छपरावर उभं राहून बोलायचं, कडाक्याची थंडी, वारं. पूर्ण मॅच बोलला पण थंडी वाजायली असं एकदा पण म्हणला नाही. बार्बरला नंतर दुसऱ्याकडून कळलं आन हा पोरगा कामाचा हाय असं त्यानं धरलं. आपले कॉमेंटेटर? "मित्रांनो ऊन लई लागायलंय, पाण्याची बाटली कोणी आणून देईल का, चहा अजून आला नाही." मी पण केलंय हे. ऊस तोडणाऱ्या माणसाला तुम्ही उन्हाचं सांगायलात, जरा विचार करा. पाणी आधीच जवळ घेऊन बसा, कोमट असलं तर बरं, ज्येष्ठमधाचा तुकडा गालात, आन फुटाणे-शेंगदाणे अजिबात नको, घशात फोलपट अडकलं की संपलं.

बार्बरनं स्कलीला दुसरं सांगितलेलं, दुसऱ्या कॉमेंटेटरला ऐकत बसू नको, तुझ्याकडं एक गोष्ट हाय जी दुसऱ्या कोणाकडं नाही, तू. हे वाचून मी आमच्या टीव्हीवाल्या हिंदी कॉमेंटेटरची नक्कल बंद केली. लोकं म्हणले आवाज बदलला का रे. बदलला नव्हता, घरचा घातला होता.

खरं बोलायचं, आयोजक रागावला तरी

बार्बरची नोकरी गेली ती ह्याच्यावरनं. २२ सप्टेंबर १९६६, यँकी स्टेडियम, टीम तळाला, ग्राउंडवर प्रेक्षक ४१३. एवढ्या मोठ्या स्टेडियममधी ४१३! टीव्हीवर होता तो, कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवर फिरवा म्हणला, वरून नाही सांगितलं. मग ह्यानं तोंडानं सांगितलं की आजची बातमी मॅच नाही, ही रिकामी जागा हाय. थोड्याच दिवसांत घरी बसवलं. पण पुढं १९७८ ला कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमनं कॉमेंटेटरसाठी फोर्ड फ्रिक अवॉर्ड सुरू केलं तर पहिल्याच वर्षी मेल ॲलनसोबत ह्याचंच नाव.

आपल्याकडं चषक कोणाच्या तरी नावाचा असतो, स्टेजवर माणसं असतात, चिठ्ठी येते "हजारोंचा जनसमुदाय" म्हून बोला. बघायला गेलं तर दीडशे माणसं आन दोन कुत्री. एका ठिकाणी मी चिठ्ठी वाचली नाही तर दुसऱ्या दिवशी माईक दुसऱ्याच्या हातात होता, मानधन पण अर्धंच आलं. मी असं नाही म्हणत की बार्बरसारखं मोठ्यानं सांगा, घरदार हाय आपल्याला. पण खोटं पण बोलू नका, "सकाळची वेळ हाय, माणसं यायलीत" एवढं म्हणलं की भागतं.

आन मॅच न बघता बघितल्यासारखी सांगायची असली की काय होतं ते पण ऐका. त्या काळी टीम बाहेरगावी गेली की रेडिओवाले सोबत जायचे नाहीत, तारेनं टिकटिक करत निकाल यायचा, ते स्टुडिओत बसून लाकडावर काठी मारून बॅटचा आवाज काढायचे आन मॅच सांगायचे. पुढं राष्ट्राध्यक्ष झाला तो रोनाल्ड रेगन आयोवात हेच काम करायचा. एकदा तार बंद पडली, आता काय करावं, म्हून ह्यानं बॅटरला फाउलवर फाउल मारायला लावले, सहा-सात मिन्टं नुसते फाउल. तार परत आली तर कळलं गडी पहिल्याच बॉलला आउट होऊन गेलाय! बार्बर मात्र तारेचं मशीनच माईकजवळ ठेवायचा, टिकटिक ऐकू येऊ द्यायचा, म्हंजे लोकांना कळावं मी तिथं नाही. मी बार्बरच्या बाजूनं. दुसऱ्या ग्राउंडची मॅच तुम्ही व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजवरून सांगत असाल तर तसं सांगा. आजकाल स्कोरिंगच्या ॲपवर लोकं शहाणी होऊन बसलेली असतात, तुम्ही फाउल मारत बसाल आन कमेंटमधी गडी आउट.

नाव घेताना

१९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळायला आला, त्या काळातला मेजर लीगमधला, म्हंजे सगळ्यात वरच्या लीगमधला, पहिला काळा खेळाडू. बार्बर दक्षिणेतला, त्या वळणात वाढलेला, आधी कळलं तेव्हा घरी येऊन बायकोला म्हणला नोकरी सोडतो. सोडली नाही. विचार केला आन ठरवलं, माझं काम काय, ग्राउंडवर काय झालं ते सांगणं. तसंच सांगत राहिला, इतर खेळाडूंसारखंच. आपल्याकडं जास्त बोलायला नको, सगळ्यांना सगळं माहितीय. पोरगं कोणत्या वस्तीवरचं हाय, कोणाचं हाय, हे माईकवर काढायचं नाही. एकाला "साहेबांचे चिरंजीव" आन दुसऱ्याला नुसतं टोपणनाव, असं नको. सगळ्यांचं पूर्ण नाव, सारख्या आवाजात. टोपणनाव घ्यायचंच असंल तर आधी जाऊन विचारा चालंल का.

चेष्टा करायची तर स्वतःची. बॉब युकर बघा, मिलवॉकीला १९७१ पासून २०२४ पर्यंत रेडिओवर, १६ जानेवारी २०२५ ला वारला. हा स्वतः खेळलेला, ॲव्हरेज .२००, दहादा बॅटिंगला गेला तर दोनदा हिट, आन जन्मभर त्याच्यावरच जोक मारून लोकांना हसवत बसला. मी पण सांगतो, मी तीन टूर्नामेंट खेळलो आन माझा टॉप स्कोर अकरा. कोणाचा कॅच सुटला की "माझ्यापेक्षा बरा हाय, मी तर बॉल बघून पळायचो" असं म्हणतो, पोराची लाज पण वाचते.

सामान

थोडक्यात सांगतो. कर्ण्याचा माईक वेगळा आन मोबाईलच्या लाइव्हचा माईक वेगळा ठेवा, कर्ण्यासमोर मोबाईल धरला तर शिट्टी आन घुमणं ह्याशिवाय काही जात नाही. माईकला स्पंज नसंल तर धुतलेला पातळ रुमाल गुंडाळा, वारं लागत नाही. तोंडापासून चार बोटं लांब. जनरेटरपासून लांब बसा. पॉवर बँक दोन. दोन्ही टीमची नावं आदल्या दिवशी मागून वहीत लिहा, जर्सी नंबर सकट, कारण ऐनवेळी कॅप्टन स्वतःच विसरतो.

आन रेकॉर्डिंग कराच. ३ ऑक्टोबर १९५१ ला न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसननं शेवटच्या क्षणी होमरन मारून लीग जिंकून दिली, रस हॉजेस माईकवर वेडा होऊन जायंट्स जिंकले, जायंट्स जिंकले ओरडला. आज पण लोकं ऐकतात ते. पण ते उरलं ते एका श्रोत्यानं घरी टेपवर घेतलं म्हून. आमच्या चार वर्षांच्या फायनल एका पोराच्या मोबाईलमधी होत्या, मोबाईल विहिरीत पडला. आता दोन ठिकाणी ठेवतो.

मॅच संपली की निकाल दोनदा, मॅन ऑफ द मॅच, उद्याची पहिली मॅच कोणाची आन किती वाजता, आन मग माईकचं बटन खाली गेलंय का ते हातानं चाचपून बघा. मी एकदा बघितलं नव्हतं. बक्षीस कोणाला आधीच ठरलं होतं आन भाजीत मीठ किती कमी होतं, हे सगळं शिरोळच्या फडापर्यंत गेलं, आन तात्याचा परत फोन आला: "मिठाचं कळलं, स्कोर परत एकदा सांग."